एकट्याला दोन फेकी

दर मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाला व्हर्लिन हाउग्स्टाड आपला ट्रक हार्डवेअरच्या दुकानासमोर उभा करायचा, इंजिन बंद करायचा आणि रस्त्यापलीकडच्या मैदानावरची माणसं मोजायचा. दुकानात त्याचं काही काम नसे. काच अर्धी खाली, हात स्टिअरिंगवर आणि ओठांत आकडे. दहा, अकरा. तो लाल टोपीवाला मघाशीच मोजला. बारा.

ही मोजदाद कशासाठी, तर डिस्क गोल्फचा तो मंगळवारचा खेळ जोड्यांचा होता. दोघांनी आपापली प्लॅस्टिकची चपटी थाळी फेकायची, जिची जागा बरी पडेल तिथे जाऊन पुन्हा दोघांनी तिथूनच फेकायची, असं करत करत कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीपर्यंत पोचायचं. कोणाची जोडी कोणाशी, हे नशिबावर. प्रत्येकाची एक थाळी घेऊन रॉली बर्गक्विस्ट ढीग करायचा आणि डोळे मिटून दोन-दोन उचलायचा. माणसं सम असली की सगळ्यांना जोडीदार मिळे. विषम असली की जो सर्वांत शेवटी आला तो एकटा. त्याला म्हणायचे कॅली. हे नाव कुठून आलं ते रॉलीलाही ठाऊक नव्हतं. कॅलीला सोबत नाही म्हणून भरपाईला प्रत्येक जागेवरून दोन फेकी. स्वतःशीच जोडी म्हणा ना.

व्हर्लिनला कॅलीच व्हायचं असे. आकडा सम भरला की तो लगबगीनं ट्रकमधून उतरायचा, धापा टाकत मैदानात पोचायचा आणि म्हणायचा, "उशीर झाला रे बाबांनो." मग सगळ्यांच्या मागून, एकटा, आपले आकडे आपणच लिहीत अठरा टोपल्या फिरायचा. त्यानं लिहिलेल्या आकड्यावर गावात कुणी शंका घेतली नसती. आणि आकडा विषम भरला, तर ट्रक वळवून सरळ घरी. डब्यातलं वाटाण्याचं सूप गरम करायचं आणि आईच्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसून प्यायचं. गेल्या दोन उन्हाळ्यांत अशा नऊ संध्याकाळी त्यानं घरी काढल्या होत्या. कुणी विचारलंच तर सांगायचा, गुडघा धरला होता.

गुडघा ठणठणीत होता. गोष्ट हाताची होती.

एकतीस वर्षं व्हर्लिननं टायरच्या दुकानात चाकं समतोल केली. चाक यंत्रावर चढवायचं, फिरवायचं, काटा कुठे थांबतो ते बघायचं आणि रिमच्या कडेला शिशाचा इवलासा तुकडा ठोकायचा. बोटाच्या पेराएवढं वजन, पण ते नसेल तर साठच्या वेगाला अख्खी गाडी थरथरते. गिऱ्हाईक म्हणायचं, रस्ता खराब आहे. व्हर्लिन नुसता तळहात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि सांगायचा, पुढचं डावं. फिरणाऱ्या वस्तूचं दुखणं त्याला हाताला कळायचं. देवानं प्रत्येकाला एखादी गोष्ट न मागता दिलेली असते, त्याला ही दिली होती.

थाळीचंही तेच शास्त्र. हातातून सुटताना तिला भरपूर गिरकी मिळाली की ती जोरात फिरणाऱ्या भोवऱ्यासारखी आपल्या जागी ठाम राहते, वाऱ्याचं ऐकत नाही, लांब तरंगत जाते. पण सुटण्याच्या त्या एका क्षणी मनगट जरासं वाकडं झालं, बोटं जराशी अडखळली, की तिची कड खालीवर व्हायला लागते. ही डगमग वारा लगेच पकडतो. तो आधी वेग खातो, मग गिरकी खातो, आणि थाळी उजवीकडे कलंडून झुडपात जाते. चांगल्या थाळीचा आवाज येत नाही, डगमगणारी फडफडते. पिंजऱ्यातला पक्षी फडफडावा तशी.

दोन वर्षांपूर्वी व्हर्लिनच्या थाळ्या फडफडायला लागल्या. त्यानं काय केलं असेल? कुणीही शहाणा माणूस हात तपासेल. यानं थाळ्या बदलल्या. बाजारात कडक, जाड कडेच्या थाळ्या मिळतात, त्या इतक्या हट्टी की काही केलं तरी शेवटी डावीकडेच वळायचं हा त्यांचा धर्म. व्हर्लिनची डगमग थाळीला उजवीकडे ढकलायची, थाळीचा हट्ट तिला डावीकडे ओढायचा, आणि दोन्ही मिळून फेक सरळ दिसायची. लांबून बघणाऱ्याला वाटे, काय सुरेख गेली. जवळून मात्र फडफड ऐकू यायची. म्हणून जवळ कुणी नको होतं.

जूनमधल्या त्या मंगळवारी त्यानं बारा मोजले, दोनदा मोजले, आणि तेरावा व्हायला निघाला.

"उशीर झाला रे," असं तो म्हणतोय तोच मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या संडासाचं दार खाडकन उघडलं आणि एक उंच, पांढऱ्या वेणीची बाई पँटला हात पुसत बाहेर आली.

"अरे वा, चौदा!" रॉली ओरडला. "आज कॅली नाही! व्हर्लिन, चाकवाल्या, आज तुला लग्नाला उभा केला बघ. शेवटचे दोघे उरलात, तुमचीच जोडी. ही मार्लिस किव्हेला. एटकिनकडची आहे, टपाल वाटायची. चाळीस मैल गाडी चालवत आलीय, तिला रडवू नकोस."

व्हर्लिननं मागे वळून ट्रककडे पाहिलं. "माझा गुडघा..." तो म्हणाला.

"गुडघ्यानं फेकता का तुम्ही?" मार्लिसनं विचारलं.

रॉली पोट धरून हसला. आता माघार घेणं अवघड होतं.

रॉलीची जोडी लेस्टरशी लागली होती, आणि ते चौघे एकत्र निघाले. लेस्टर बोलत नसे, तो फक्त सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं थुंकायचा. पहिल्या टोपलीसाठी जिथून फेकायचं त्या सिमेंटच्या ओट्यावर व्हर्लिन उभा राहिला. त्यानं सर्वांत कडक थाळी काढली, श्वास रोखला, पकड आवळली आणि फेकली. थाळी फडफडली, मग वळून सरळ जाऊन पडली.

"झकास," रॉली म्हणाला.

मार्लिस डोकं जरा तिरकं करून ऐकत होती, पियानोचा सूर लावणारा ऐकतो तसं. मग तिनं आपली थाळी फेकली. जुनी, कडा झिजलेली, पिवळी थाळी. तिचा आवाजच आला नाही. गवतावर टेकली तेव्हा कुठे ती गेली होती हे कळलं.

"तुमची जागा बरी आहे," व्हर्लिन म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

पाचव्या टोपलीपर्यंत असंच चाललं. दर वेळी तिचीच जागा. व्हर्लिन स्वतःची थाळी उचलायला लांब झुडपांकडे जायचा, परत यायचा, आणि तिच्या थाळीपाशी उभा राहून पुढची फेकायचा. एकट्यानं खेळताना दोन्ही फेकी आपल्याच असायच्या, वाईट गेली तरी पाहायला कुणी नसायचं. आता दर फेकीनंतर ती डोकं तिरकं करायची आणि व्हर्लिनच्या मानेवर घाम यायचा. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ऐकत होती.

नवव्या टोपलीपाशी बाक होता. रॉली-लेस्टर शेजारच्या तळ्यात गेलेली थाळी काठीनं काढत बसले होते. मार्लिस म्हणाली, "बघू तुमची पिशवी."

दुसऱ्याच्या पिशवीत हात घालायचा तर ओळख जुनी लागते. पण तिनं मागितली तशी त्यानं दिली. तिनं एकेक थाळी काढून अंगठ्यानं कड चाचपली, वाकवून पाहिली, बाकावर ठेवली. आठ झाल्या.

"हे सगळे पोलीस आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या गडबड दाबून टाकणाऱ्या. खरं सांगणारी एक तरी ठेवा की हो पिशवीत." मग तळाशी हात घालून तिनं नववी काढली. मऊ, जाड, टोपलीजवळ वापरायची साधी थाळी. "ही बघा. ही बिचारी खरं बोलेल. हिनं ओट्यावरून फेकता कधी?"

"ती जवळच्यासाठी आहे."

"मला माहितीय ती कशासाठी आहे."

व्हर्लिननं थाळ्या एकेक करून परत पिशवीत भरल्या. त्याची बोटं थाळीच्या कडेवर बारीक हलत होती. त्यानं हात पटकन खिशात घातला. ती पाहत होती की नव्हती, कळायला मार्ग नव्हता. तिनं डोळे तळ्याकडे लावले होते.

आता त्या हाताची भीती काय होती, ते सांगायला हवं. व्हर्लिननं लग्न केलं नाही. आई होती, आईपाशी राहिला. ती पासष्टची असताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, सुरुवात एवढीच. मग हात, मग चमचा, मग पाऊल. बारा वर्षं चाललं. रविवारी प्रार्थनाघरात दोघं शेजारी उभे राहायचे, तिच्या हातातलं गाण्याचं पुस्तक पानासारखं थरथरायचं आणि व्हर्लिन खालून आपला तळहात लावायचा. तिच्या हाताखाली त्याचा हात, असं पुस्तक स्थिर राहायचं. तिचा आवाज बारीक होत गेला, पण सुरातून कधी ढळला नाही. शेवटच्या वर्षी शब्द विसरायची आणि नुसता सूर धरायची, आणि त्या सुरात इतकं काही असायचं की पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून न बघता आपला आवाज खाली आणायची. ती गेल्यावरही व्हर्लिन त्याच बाकावर उभा राहतो. पुस्तक दोन्ही हातांनी धरतो. आता तो चौसष्टचा आहे.

ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. सांगायला माणूस लागतं, आणि माणूस जवळ आलं की थाळीची फडफड ऐकू येते.

चौदावी टोपली उताराच्या तळाशी आहे, बर्च झाडांच्या दोन रांगांमधून. अंतर थोडं, पण वाट दाराएवढी अरुंद. कडक थाळी तिथे चालत नाही; ती शेवटी डावीकडे वळते आणि झाडावर आदळते. कॅली असताना व्हर्लिन इथे दोन्ही थाळ्या झाडांवर आपटायचा, एक आकडा जास्त लिहायचा आणि पुढे जायचा. आज रॉली-लेस्टर दोन आकड्यांनी मागे होते, आणि त्यांची थाळी टोपलीपासून वीस पावलांवर पडली होती.

मार्लिसनं फेकली. थाळी सरळ निघाली, मध्येच वाऱ्याचा एक झोत आला आणि ती तिसऱ्या बर्चच्या खोडावर आपटून तिथेच पडली.

"आता तुझ्यावर आहे, चाकवाल्या," रॉली म्हणाला. "बायकोनं लाज घालवली, तू राख."

"रॉली," मार्लिस म्हणाली, "तोंडात बिया घाल. लेस्टर, दे रे याला."

लेस्टरनं खरोखरच पाकीट पुढे केलं.

व्हर्लिननं कडक थाळी काढली. ओट्यावर गेला. तिथून वाट दिसत होती, टोपली दिसत होती, आणि ही थाळी कुठे आदळणार तेही दिसत होतं. तो परत आला, ती पिशवीत ठेवली आणि मऊ थाळी काढली. वळून त्यानं एकदा मार्लिसकडे पाहिलं. ती उगाच बुटाची नाडी बांधत होती.

त्यानं धावत न येता, जागेवरूनच, सैल हातानं फेकली.

थाळी सुटली ती अशी हलत सुटली की रॉलीची थट्टा घशातच राहिली. ताटलीत पाणी भरून कुणी पळावं तशी ती कड खालीवर करत होती. लपाप, लपाप, लपाप. व्हर्लिनला वाटलं, संपलं. पण थाळीत गिरकी होती. एकतीस वर्षं चाकं फिरवलेल्या मनगटात जोर अजून होता. पंधरा-वीस पावलं गेल्यावर गिरकीनं हळूहळू डगमगीचा ताबा घेतला, फडफड बारीक झाली, मग थांबली, आणि थाळी दोन बर्चच्या मधून निघून टोपलीच्या अलीकडे सात-आठ पावलांवर अलगद बसली.

"आयला," लेस्टर म्हणाला. त्या संध्याकाळचा त्याचा तो पहिला शब्द.

"तुझी घेऊ," मार्लिस म्हणाली, आणि उतार उतरायला लागली.

टोपलीपाशी व्हर्लिननं आधी फेकली. साखळीला लागून बाहेर आली. मार्लिसनं फेकली, आत गेली. रॉलीनं टोपी काढून दोघांना मुजरा केला. पुढच्या चार टोपल्यांत काही विशेष घडलं नाही. शेवटी ते एका आकड्यानं जिंकले की हरले याचा घोळ रॉली अजून घालतोय.

खेळ संपल्यावर ट्रकांच्या मागच्या फळ्या उघडल्या गेल्या, सॉसेजचा वास सुटला, कुणी कांदा चिरत होतं. सूर्य अजून झाडांच्या वर होता, त्या दिवसांत तो मावळायचं नावच घेत नाही. मार्लिस मोकळ्या गवतात गेली आणि तिनं हाक मारली, "ये इकडे. ती मऊ घेऊन ये."

तिनं तुम्हीचं तू केव्हा केलं, हे व्हर्लिनच्याही लक्षात आलं नव्हतं.

"कशाला?"

"चल तर. धावायचं नाही, जोर लावायचा नाही. बोटं इतकी सैल की थाळी पडेल वाटावं. टाक."

त्यानं टाकली. हलली.

"अजून सैल."

हलली. तिनं जाऊन आणून दिली. तिसरी फेक त्यानं डोळे मिटून केली. बघायची गरज नव्हती, आवाज येत होता.

मार्लिस थाळी घेऊन आली आणि बराच वेळ तिची कड पुसत राहिली. तिच्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

"पकडीनं होत असेल असं मला वाटलं होतं," ती म्हणाली. "घट्ट धरलं की होतं. खांदा आधी फिरला की होतं. तसं असतं तर आता थांबलं असतं."

"हं."

"थाळी एवढंच सांगते की हलतंय. का हलतंय ते तिला कळत नाही. मलाही नाही. मी पत्रं टाकायचे रे, मी काय डॉक्टर आहे?"

"माझ्या आईचा," व्हर्लिन म्हणाला, आणि थांबला. मागे कुणीतरी हसत होतं. "आईचा अंगठ्यापासून सुरू झाला."

इतकंच. दोन वर्षं तोंडात धरलेलं वाक्य, आणि ते एवढंसं निघालं. मार्लिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, काही होत नाही रे असंही म्हणाली नाही. तिनं विचारलं, "किती दिवस?"

"दोन वर्षं."

"आणि दाखवलं नाहीस."

"थाळ्या बदलल्या."

तिच्या नाकातून हसू निघालं, तिनं ते आवरायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. मग व्हर्लिनही हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले, म्हणून तो तळ्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि ती शहाणी बाई दुसरीकडे बघत राहिली.

"सॉसेज खाणार?" काही वेळानं तिनं विचारलं.

"नको."

"मला चाळीस मैल जायचंय. मांजरं दारात बसली असतील." ती निघाली, चार पावलांवर थांबली. "फोन कर हां दवाखान्याला. उद्या. परवा नाही."

तिची गाडी रस्त्याला लागून वळणाआड गेली, तरी तो तिथेच उभा होता. रॉलीनं हाक मारली, त्यानं हात हलवला. सगळे एका घोळक्यात होते, कांदा-मोहरीत हात बरबटलेले, आणि तो तीस पावलांवर. तीस पावलं काही फार नाहीत. पण त्या दिवशी त्याला ती चालवली नाहीत. तो ट्रककडे गेला.

रात्री झोप लागली ती मात्र गाढ.

सकाळी नऊच्या ठोक्याला त्यानं डलूथच्या मोठ्या दवाखान्याला फोन लावला. स्वयंपाकघरात, उभ्यानं. डाव्या हातात फोन, उजवा टेबलावर पालथा. फोनवरची मुलगी गोड बोलत होती. नाव, जन्मतारीख, कुठला हात, केव्हापासून. त्यानं सगळं खरं सांगितलं. अंगठाही सांगितला. आईही सांगितली. ती टाइप करत होती, कळांचा आवाज येत होता.

"सतरा तारखेला सकाळी दहा," ती म्हणाली. "तपासणीनंतर तुम्हाला गाडी चालवता येणार नाही हं. सोबत कोण असेल?"

व्हर्लिननं समोर पाहिलं. खिडकी, सूपचा रिकामा डबा, आईची खुर्ची.

"मी एकटाच असतो," तो म्हणाला.

"ते ठीक आहे, पण इथे एक नाव लागतं. नावाशिवाय संगणक मला पुढे जाऊ देत नाही."

टेबलावरचा हात हलत होता. त्यानं तो झाकला नाही.

"मार्लिस," तो म्हणाला. "मार्लिस किव्हेला."

"नातं?"

खोटं सांगण्यात अर्थ नव्हता.

"काल एका जोडीत खेळलो."

कळा क्षणभर थांबल्या. मग पुन्हा वाजल्या. "मैत्रीण लिहिते," मुलगी म्हणाली. "आणि त्यांचा फोन नंबर?"

"तो माझ्याकडे नाही."

"मग?"

"घेतो," व्हर्लिन म्हणाला. "रॉलीकडे असेल. आधी तिला विचारतो, आणि मग तुम्हाला देतो."